एक तास पन्नास मिनिटं

मास्तरांनी सूचनांचा कागद गुडघ्यावर पालथा घातला, दोन टोकांना दोन टिंबं काढली आणि पट्टी न घेता त्यांच्यामध्ये एक सरळ रेघ ओढली. अडतीस वर्षं फळ्यावर चाललेला हात होता. रेघ कुठे हलली नाही.

"हे ते शहर आणि हे आपलं," ते शेजारच्या ड्रायव्हरला म्हणाले. "मधलं अंतर किती?"

ड्रायव्हरने खुर्चीत बूड सरकवलं. खुर्ची त्याला पुरत नव्हती. "चौदाशे दहा किलोमीटर. आठ वर्षं तीच बस चालवली मी. बावीस तास. रस्त्याचं काम निघालं असलं तर चोवीस."

"हे झालं रस्त्याचं. रस्ता वळतो. विमान वळत नाही."

"विमानाने अकराशे वीस," समोरची पार्लरवाली फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. "वेळ एक तास पन्नास मिनिटं, असं लिहिलंय. पण ते अजून उडालेलंच नाही."

मास्तरांनी रेघेच्या वर अकराशे वीस लिहिलं आणि खाली एक तास पन्नास. मग कागद थोडा लांब धरून पाहिला. आकडे जागच्या जागी बसले की त्यांना जरा बरं वाटत असे, आणि आज सकाळपासून बरं वाटेल असं दुसरं काही घडलं नव्हतं.

प्रतीक्षेची खोली तळघरात होती. खिडकी नव्हती. भिंतीवर पिवळी-काळी सावधानतेची पाटी, खाली सहा खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र. खुर्च्यांवर चौघं जण होते आणि त्यांतले तिघं तपासणीसाठी आले होते: ड्रायव्हर, पार्लरवाली आणि मास्तरांची बायको. तिघंही काल संध्याकाळपासून उपाशी. त्यांना जे औषध टोचायचं होतं ते इथे तयार होत नव्हतं. ते त्या दुसऱ्या शहरात पहाटे तयार व्हायचं, शिशाच्या डब्यात बंद करून विमानाने इथे यायचं, आणि आठवड्यातून फक्त एकदा. औषध शरीरात पसरलं की यंत्र आतलं सगळं दाखवणार होतं. रोग होता तिथेच आहे की आणखी कुठे गेला आहे, ते.

"आमच्याकडे ते शहर तीन दिवसांवर होतं," मास्तरांची बायको म्हणाली. तिने स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या होत्या. टपाल कार्यालयात पत्रांची विभागणी करण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. "सोमवारी टाकलं तर गुरुवारी हातात. मध्ये रविवार आला तर चार. किलोमीटर कोणी विचारायचं नाही."

"आणि तातडीचं असलं तर?" ड्रायव्हरने विचारलं.

"तातडीचंही तीनच दिवस. फक्त लोकांना बरं वाटायचं."

ड्रायव्हर हसला. पार्लरवालीही फोनमागून हसली. मास्तरांनी रेघेच्या कडेला बारीक अक्षरात 'टपाल, ३ दिवस' असंही लिहून टाकलं. घरी संध्याकाळी आसपासची पाच-सहा मुलं त्यांच्याकडे गणितं घेऊन येत. एकच रेघ चार तऱ्हांनी मोजता येते हे त्यांना दाखवायला चांगलं होतं.

सव्वानऊला आतलं दार उघडलं आणि तंत्रज्ञ बाहेर आली. पांढरा कोट, खिशाला लावलेलं मोजणीचं छोटं यंत्र, हातात तिघांचे फॉर्म. तिशीच्या आतबाहेरची असेल. तिने आधी दार नीट लावलं, मग बोलली.

"तिकडे धुकं आहे. विमान पंचावन्न मिनिटं उशिरा सुटतंय."

"एवढंच ना," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्या बसला याला उशीर म्हणायचेच नाहीत."

तंत्रज्ञ हसली नाही. "बसमधली माणसं उशिरा पोचली तरी तेवढीच पोचतात. हे औषध वाटेत कमी होत जातं. डबा उघडला नाही तरी."

मास्तर पुढे झुकले. "किती वेळात किती कमी होतं?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. बहुधा एवढ्या नेमकेपणाने कोणी विचारत नसावं. ती त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टेकली. "एक तास पन्नास मिनिटांत अर्धं."

"म्हणजे विमानाच्या वेळेएवढंच."

"हो. आमच्यात म्हणतात, ते शहर एक अर्ध लांब आहे. तिथे जेवढं भरतात त्याच्या अर्धं इथे उतरतं. ते धरूनच भरतात ते."

"एक अर्ध लांब," मास्तर पुटपुटले आणि त्यांनी तेही लिहून घेतलं. "आणि लागतं किती?"

"वजनावर असतं. सोपं करून सांगायचं तर किलोला एक. हे ब्याऐंशी किलो, यांना ब्याऐंशी लागणार." तिने ड्रायव्हरकडे बोट केलं, मग पार्लरवालीकडे. "यांना साठ. आणि आजींना," तिने फॉर्म वर केला, "अठ्ठावन्न. तिघांचं मिळून दोनशे. विमान वेळेवर असतं तर इथे दोनशे सत्तर आलं असतं. थोडं सुईत जातं, थोडं हाताळण्यात, म्हणून जास्त मागवतो. पण आज..."

"थांबा," मास्तर म्हणाले. "सांगू नका."

त्यांनी पेन्सिल ओठांवर टेकवली. बायको छताकडे बघत बसली. ही वेळ तिच्या ओळखीची होती. या वेळात त्यांच्याशी बोलून उपयोग नसे.

"पंचावन्न मिनिटं म्हणजे त्या वेळेच्या बरोबर निम्मी," मास्तर ड्रायव्हरला म्हणाले. सांगायला समोर कोणीतरी असलं की त्यांचं डोकं जास्त चालत असे. "आता सांगा. पूर्ण वेळात निम्मं जातं. मग निम्म्या वेळात किती जाईल?"

"पाव," ड्रायव्हर म्हणाला.

"सगळी मुलं हेच सांगतात. बघू या. शंभरातून पाव गेलं, उरले पंचाहत्तर. पुढच्या पंचावन्न मिनिटांत पंचाहत्तरातून पाव गेलं, किती उरले?"

ड्रायव्हरने बोटं मोजली. "छप्पन."

"उरायला हवेत पन्नास. म्हणजे पाव धरून चालणार नाही, जरा जास्त जात असणार. तीस घेऊ. शंभरातून तीस गेले, उरले सत्तर. सत्तरातून शेकडा तीस गेले, उरले एकोणपन्नास. पन्नासच्या जवळ आलो की नाही?"

"आलो."

"म्हणजे निम्म्या वेळात शेकडा सत्तर उरतात. आता दोनशे सत्तरचे..." त्यांनी कागदावर गुणाकार मांडला. तोंडी येत असूनही मांडला. "एकशे एकोणनव्वद."

तंत्रज्ञ म्हणाली, "माझंही तेवढंच आलंय."

खोलीत क्षणभर सगळे खूश झाल्यासारखे झाले. गणित सुटलं होतं. मग पार्लरवालीने फोन मांडीवर ठेवला.

"आणि लागतं दोनशे," ती म्हणाली.

"अकरा कमी," तंत्रज्ञ म्हणाली. "एखाददुसरं असतं तर सांभाळून घेतलं असतं. अकरा नाही घेता येत. कमी औषधात चित्र पुसट येतं, आणि पुसट चित्रावर डॉक्टर काही ठरवत नाहीत." ती फॉर्म चाळत राहिली. ते तीनच होते, चाळण्यासारखं काही नव्हतं. "ज्या क्रमाने नावं आली त्या क्रमाने देतो आम्ही. दोघांचं नक्की होईल."

क्रम सगळ्यांना ठाऊक होता. सकाळी दाराशी हाक मारली तेव्हा ड्रायव्हर पहिला, पार्लरवाली दुसरी.

"आणि तिसऱ्याचं?" मास्तरांनी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात."

"शुक्रवारी डॉक्टरांची बैठक आहे. शस्त्रक्रिया करायची की नाही ते ठरणार आहे. त्यांनी सांगितलंय, हे चित्र घेऊनच या. शुक्रवार चुकला तर पुढची बैठक पंधरा दिवसांनी."

"माहीत आहे मला. फॉर्मवर लिहिलंय."

मास्तरांनी मान हलवली. ही मुलगी काही त्यांच्या विरुद्ध नव्हती. धुकंही त्यांच्या विरुद्ध नव्हतं. त्यांनी कागदाकडे पाहिलं. चार महिने कोणी काही नक्की सांगत नव्हतं. आधी पोटाचं दुखणं म्हणाले, मग पित्त, मग हा रोग. डॉक्टर 'पाहू' म्हणत, 'बहुतेक' म्हणत. आज पहिल्यांदा काहीतरी स्पष्ट दिसणार होतं आणि ते अकराने अडलं होतं.

"नसेल तर नसेल," बायको म्हणाली. "घरी जाऊ, गरम काहीतरी खाऊ. पुढच्या आठवड्यात येऊ."

"पुढच्या आठवड्यात नाही यायचं," मास्तर म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा चढला होता.

ड्रायव्हर आपल्या पोटाकडे बघत होता. तिघांत सगळ्यात जास्त त्यालाच जाणार होतं. त्याने एकदा तोंड उघडलं, मग पाणी प्यायला उठला आणि ग्लास हातात घेऊन तिथेच उभा राहिला. त्याच्याही घरी कोणीतरी शुक्रवारची वाट बघत असणार. पार्लरवालीने नखांचा रंग खरवडायला घेतला. मास्तरांनी दोघांकडे पाहण्याचं टाळलं. पाहिलं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं.

"उडालं," पार्लरवाली हळूच म्हणाली. फोनवर एक छोटं पिवळं विमान दुसऱ्या शहराच्या टिंबापासून सुटलं होतं.

तंत्रज्ञ आत निघून गेली, आणि पुढचा दीड तास ते पिवळं विमान फोनवर हळूहळू सरकत राहिलं. मास्तर गणित पुन्हा तपासत होते. वर्गात ते मुलांना सांगत, उत्तर पटत नसेल तर आकडेमोडीकडे नंतर बघा, आधी काय दिलंय ते वाचा. उदाहरण बहुतेकदा तिथेच फसलेलं असतं. दिलेलं होतं अंतर, वेळ, वजन. अंतर बदलणार नव्हतं. वेळ धुक्याने बदलून झाली होती.

तंत्रज्ञ पुन्हा बाहेर आली तेव्हा तीही तिथेच येऊन पोचली होती.

"फॉर्मवरची वजनं फोनवर सांगितलेली आहेत," ती म्हणाली. "एकदा खरी करून घेते. कधीकधी माणसं चार किलो चढवून सांगतात, कधी उतरवून."

मास्तर उठून उभे राहिले. "तिघांचं मिळून अकरा किलो कमी भरलं तर पुरेल?"

"अकरा भरलं तर पुरेल. पण इतकं नाही हो भरत."

"मी सकाळपासून पाण्यावर आहे," ड्रायव्हर बुटांचे बंद सोडत म्हणाला. त्याला काहीतरी करायला मिळालं होतं. "बूट एक किलोचे तरी असतील. पट्टाही काढतो. अजून काय काय काढू?"

"तेवढ्यावरच थांबा," पार्लरवाली म्हणाली.

वजनाचा काटा आतल्या बाजूला, पडद्यामागे होता. ड्रायव्हर मोजे घालून आत गेला. पडद्यामागून तंत्रज्ञाचा आवाज आला, "ब्याऐंशी." तो बाहेर आला तो माफी मागितल्यासारखा. "कसं काय," तो म्हणाला. "पट्टासुद्धा काढला होता."

पार्लरवालीचं साठ भरलं, ना कमी ना जास्त. तिने बाहेर येऊन मास्तरांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"राहू दे," मास्तर तंत्रज्ञाला म्हणाले. "एकटीत अकरा किलो कुठून कमी होणार?"

"करून तर घेऊ."

मास्तर बायकोबरोबर निघाले. पडद्यापाशी ती थांबली.

"तुम्ही बसा ना इथेच."

"येतो की. हाताला धरायला."

"काट्यावर चढायचंय, डोंगरावर नाही. बसा."

ते बसले. पडदा ओढला गेला. आत स्वेटर काढल्याची हालचाल झाली, मग तंत्रज्ञाचा आवाज आला, "तो आतलाही काढा." म्हणजे दोन होते. मग काही ऐकू आलं नाही. मग तंत्रज्ञ म्हणाली, "पुन्हा एकदा चढा हं, आजी." आणि थोड्या वेळाने, "शेहेचाळीस."

मास्तरांनी आकडा लिहिला. ब्याऐंशी, त्याखाली साठ, त्याखाली शेहेचाळीस. खाली रेघ. हाताने बेरीज केली, एकशे अठ्ठ्याऐंशी, आणि ती एकशे एकोणनव्वदमधून वजा केली.

"एक उरतंय," ते मोठ्याने म्हणाले. "पुरतंय. तिघांनाही पुरतंय, एक उरतंय."

ड्रायव्हरने मांडीवर थाप मारली. पार्लरवालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हातांच्या आड ती हसत होती. मास्तरांनी एकच्या भोवती गोल काढला, तपासलेल्या उत्तराभोवती काढत तसा. गोल पूर्ण होताहोता त्यांची नजर वरच्या आकड्यावर गेली आणि पेन्सिल तिथेच टेकून राहिली. टोक मोडलं. त्यांना ते कळलं नाही.

बायको दोन्ही स्वेटर हातावर टाकून बाहेर आली. ब्लाउजच्या बाहीतून तिचा हात दिसत होता. तो हात ते रोज पाहत होते. ती शेजारी बसली आणि एकेक करून स्वेटर पुन्हा चढवू लागली. दुसऱ्याची बाही सापडेना तेव्हा मास्तरांनी ती धरली.

"अठ्ठावन्न कोणी सांगितलं त्यांना?" तिने हळू आवाजात विचारलं.

"मी. फोनवर विचारलं त्यांनी."

"मला विचारायचं होतंत."

"मला माहीत होतं ना."

"ते विम्याच्या वेळचं. दोन वर्षं झाली." तिने बाहीतून हात बाहेर काढला. "तुम्ही सांगत होतात ना मुलांना, आधी काय दिलंय ते वाचा म्हणून. मला वाटलं, तुम्हाला दिसत असेल."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती.

"कपडे?" त्यांनी विचारलं.

"आत घेत गेले. शिवण काय, कितीही आत घेता येते. संध्याकाळी तुम्ही मुलांना घेऊन बसलात की मी मशीनवर बसायची." ती थोडी थांबली. "तुम्ही एकदा म्हणालातही, आज काय शिवतेस म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"उशीचे अभ्रे."

आतून तंत्रज्ञाने हाक मारली. डबा विमानतळावरून निघाला होता, वीस मिनिटांत पोचणार होता, ती वीस मिनिटं आधीच धरलेली होती. तोवर तिघांच्या हाताला सुया लावून ठेवायच्या होत्या. पार्लरवाली आधी गेली. मग मास्तरांची बायको उठली. तिने जाताना त्यांच्या खांद्यावर हात टेकला, उठताना आधार घ्यावा तसा. त्या हाताला वजन कसं ते नव्हतं.

ड्रायव्हर बुटांचे बंद बांधत होता. सकाळपासून त्याला पहिल्यांदाच हलकं वाटत असावं. कोणाचं काही आपल्यामुळे राहिलं नाही, एवढं त्याला पुरेसं होतं. बंद बांधून झाल्यावर तो मास्तरांकडे वळला आणि खुर्ची जवळ ओढली.

"मास्तर, मला एक समजलं नाही. शेवटचं तेवढं सांगा."

"कुठलं?"

"ते सत्तर टक्क्यांचं कळलं. झकास कळलं. शाळेत असं कोणी सांगितलं असतं तर मी बस चालवत नसतो. पण तुमचं उत्तर होतं अकरा कमी. त्या कोटवाल्या बाईंचंही तेच होतं. विमान तर तेवढंच उशिरा आलं. माझं वजन घटलं नाही, त्या पार्लरवालीचं घटलं नाही. मग पुरलं कसं?"

तो खरोखर विचारत होता. भुवया जवळ आल्या होत्या, बोट मास्तरांच्या कागदावर दोनशेच्या आकड्यापाशी ठेवलेलं होतं. असा चेहरा समोर आला की मास्तर हातातलं काम टाकत. घंटा होऊन गेली तरी थांबत, मधल्या सुटीत थांबत, एकदा तर तापात थांबले होते. विचारणाऱ्याला अर्ध्यावर सोडायचं नाही, एवढा एकच नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता.

ते त्या बोटाकडे पाहत राहिले.

"माझं गणित चुकलं होतं," ते म्हणाले.

ड्रायव्हरने बोट उचललं. त्याला मास्तरांना खजील करायचं नव्हतं. त्याने त्यांच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं.

"असू द्या हो. चुकलात तेच बरं झालं."

"हो," मास्तर म्हणाले.